मुतखडा झाला म्हणून दूध तोडू नका : खडे आणि हाडांविषयी वाचकांचे प्रश्न

एप्रिल उजाडला की जळगाव, भुसावळ, धुळे पट्ट्यात मुतखड्याचे पेशंट वाढतात. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते आणि जुने खडे डोकं वर काढतात. यंदा प्रश्न मागवले तेव्हा बऱ्याच पत्रांत खड्याला जोडून हाडांचाही विषय होता. दूध प्यावं का, कॅल्शियमची गोळी चालेल का, खडा असताना हाडं ठिसूळ कशी झाली. खडा काढणारे डॉक्टर वेगळे आणि हाडं बघणारे वेगळे, त्यामुळे पेशंटलाही हे दोन आजार एकमेकांना अनोळखी वाटतात. ते तसे नाहीत. म्हणून या वेळी याच जोडगोळीवरचे प्रश्न निवडले आहेत. नावं दिलेली नाहीत, लांब पत्रं आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : माझं वय ५४, पाळी जाऊन पाच वर्षं झाली. तीन वर्षांत दोनदा मुतखडा झाला. दुसऱ्यांदा दुर्बिणीने काढला, तपासणीत 'कॅल्शियम ऑक्झलेट' निघालं. तेव्हापासून घरात माझं दूध-दही बंद आहे. सासूबाई रोज बजावतात, "दूध नको पेऊ, परत खडा हुई." आता कंबर दुखते म्हणून हाडांची घनता तपासली, तर टी-स्कोअर उणे २.७ आला. हाडांचे डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या घ्या म्हणतात. मी कोणाचं ऐकू? — गृहिणी, अमळनेर

ताई, सासूबाईंची माया खरी आहे, पण सल्ला उलटा आहे. आणि हा सल्ला त्या एकट्याच देत नाहीत. चांगले शिकलेले लोकही 'खडा कॅल्शियमचा, म्हणून कॅल्शियम बंद' हाच हिशेब करतात.

तुमच्या खड्यात कॅल्शियमचा जोडीदार आहे ऑक्झलेट. तो पालक, चुका, माठ, बीट, शेंगदाणे, तीळ, काजू, बदाम यांतून पोटात येतो. त्याच जेवणात दही किंवा ताक असेल तर त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच पकडतं आणि दोघं शौचावाटे निघून जातात. दूध-दही बंद केलं की ऑक्झलेट मोकळा राहतो, रक्तात शोषला जातो आणि शेवटी मूत्रपिंडात येतो. तिथे त्याला कॅल्शियम भेटतंच.

इटलीतल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं आणि २००२ साली प्रसिद्ध केलं. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे, वारंवार खडे होणारे १२० पुरुष घेतले. निम्म्यांना दिवसाला फक्त ४०० मिलिग्रॅम कॅल्शियमचा आहार दिला. उरलेल्यांना १२०० मिलिग्रॅम दिलं, पण मीठ आणि मांसाहार कमी केला. पाच वर्षांत कॅल्शियम तोडलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, कॅल्शियम खाणाऱ्या ६० पैकी १२ जणांना. आता यात सगळं श्रेय दुधाचं नाही, मीठ आणि मांसही कमी होतं. पण दूध तोडून फायदा झाला नाही, हे स्पष्ट दिसलं.

आता हाडांकडे येऊ. खडे होणाऱ्या बऱ्याच जणांच्या लघवीतून मुळातच जास्त कॅल्शियम गळतं. ढोबळ मर्यादा म्हणजे बायकांत दिवसाला २५० मिलिग्रॅम आणि पुरुषांत ३००. काहींची ही गळती कॅल्शियम कमी खाल्लं तरी पुरती थांबत नाही. पगार बंद झाला आणि खर्च तसाच राहिला तर घरातली ठेव मोडावी लागते, तसं शरीर हाडांत हात घालतं. त्यात पाळी गेल्यावर हाडांची झीज वाढतेच. तुमच्याकडे तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत : गळती असण्याची शक्यता, दूध बंद आणि पाळी गेलेली. उणे २.५ किंवा त्याखालचा टी-स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार, त्यामुळे तुमच्या हाडांच्या डॉक्टरांची काळजी रास्त आहे.

हा काही फक्त बायकांचा प्रश्न नाही. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांचा, म्हणजे बहुतेक पुरुषांचाच, मोठा अभ्यास २०२१ साली आला. मुतखडा झालेल्या पाच लाखांहून जास्त जणांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्यात ठिसूळ हाडं किंवा हाड मोडल्याची नोंद सापडली. हाडांची घनता मात्र दहा टक्क्यांच्याही आत लोकांची तपासली होती.

मग करायचं काय? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० आणि पाळी गेलेल्या बायकांना १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. पेलाभर (२०० मिलिलिटर) दुधात सुमारे २४० असतं, वाटीभर दह्यात दीडशे-दोनशे. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास. दुपारी भाकरीबरोबर दही किंवा घट्ट ताक, रात्रीच्या जेवणाबरोबर दूध, अधूनमधून नागली, एवढ्यात बरंच काम होतं. मुद्दा 'जेवणाबरोबर' हा आहे. झोपताना रिकाम्या पोटी घेतलेलं दूध वाया जात नाही, पण ऑक्झलेटला पकडायचं काम त्याच्याकडून होत नाही. दाण्याचा कूट बंद करा असं मी खान्देशातल्या घरात सांगणार नाही, कोणी ऐकणारही नाही. मूठभराऐवजी चमचाभर टाका. पालकाऐवजी मेथी घ्या.

गोळीचं तंत्र थोडं वेगळं आहे. पाळी गेलेल्या ३६ हजारांहून जास्त अमेरिकन बायकांवर सात वर्षं प्रयोग झाला. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात ४४९ जणींना मुतखडा झाला, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३८१ जणींना. प्रत्येक गटात अठरा हजार बायका होत्या, म्हणजे धोका वाढला पण थोडाच. आणि त्या बायका जेवणातून आधीच पुरेसं कॅल्शियम घेत होत्या. म्हणून आधी आहारातलं कॅल्शियम मोजा, कमी पडेल तेवढ्याचीच गोळी घ्या. तीही जेवणाबरोबर, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. खडे होणाऱ्यांना मी कार्बोनेटपेक्षा सायट्रेटची गोळी देतो, कारण सायट्रेट लघवीत खडा धरू देत नाही.

एवढं करूनही उणे २.७ वर नुसतं कॅल्शियम पुरणार नाही, हाडांचं वेगळं औषध लागेल. ते सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, पॅराथायरॉइड हॉर्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं), डी जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि २४ तासांची लघवी तपासून घ्या. लघवीतून खूप कॅल्शियम जात असेल तर ते रोखणारी थायझाइड जातीची गोळी दोन्हीकडे उपयोगी पडू शकते. खडे रोखण्यात तिचा फायदा पूर्वी मानत होतो तेवढा नाही, असं २०२३ च्या एका चांगल्या चाचणीत दिसलं. हाडांसाठी मात्र मी ती अजून विचारात घेतो.

प्रश्न : मी रेल्वेत ट्रॅकवर काम करतो, वय ३९. आतापर्यंत तीन खडे पडले. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. एवढ्या उन्हात घाम जातो, मीठ कमी केलं तर चक्कर नाही का येणार? आणि पाणी नेमकं किती प्यायचं? — भुसावळ

भाऊ, मूत्रपिंडात सोडियम आणि कॅल्शियम एकाच वाटेने चालतात. जास्तीचं मीठ बाहेर टाकताना कॅल्शियमही त्याच्याबरोबर जातं. रोज सहा ग्रॅम मीठ जास्त खाल्लं की लघवीतून सुमारे ४० मिलिग्रॅम कॅल्शियम जास्त जातं. आकडा किरकोळ वाटतो. पण वर्षाचे होतात साडेचौदा ग्रॅम, आणि माणसाच्या अंगात एकूण कॅल्शियमच किलोभर असतं, त्यातलं ९९ टक्के हाडादातांत. जेवणात दूध-दही भरपूर असेल तर ही तूट आतड्यातून बऱ्यापैकी भरून निघते. नसेल तर हाडातून.

आपल्याकडे मीठ लपलेलं असतं. शेवभाजीत शेवेत मीठ, वर रश्शात मीठ. उडदाच्या पापडात आणि बिबड्यात मीठ आहेच, पापडखारातही सोडियमच. त्यात लोणचं, ठेचा, खारे दाणे, फरसाण, केळीचे वेफर. घरातलं मीठ मोजायची एक सोपी रीत सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. म्हणजे चार माणसांच्या घरात किलोची पुडी पन्नास दिवस पुरली पाहिजे. पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहून ठेवा. आमच्याकडे तारीख लिहिलेल्या बऱ्याच घरांत ती महिनाही गाठत नाही, आणि बाहेरची शेव-पापडी त्यात धरलेली नसते.

चक्कर येण्याचं म्हणाल तर कमी मीठ म्हणजे बिनमिठाचं नव्हे. जेवणातल्या पाच ग्रॅममध्ये नेहमीच्या घामाचं भागतं. कडक उन्हात पूर्ण पाळी केली त्या दिवशी ताकात चिमूटभर मीठ टाकलं तर बिघडत नाही. उलट्या, जुलाब, ऊन लागून गळून जाणं, अशा वेळी ओआरएस घ्याच, तेव्हा खड्याचा विचार करू नका.

पाणी किती प्यायलं यापेक्षा लघवी किती झाली हे बघा. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हायला हवी. पहिला खडा झालेल्या १९९ जणांवरच्या १९९६ च्या अभ्यासात, भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. यासाठी औषध नाही, खर्च नाही. मात्र मे महिन्यात रुळावर उभ्या माणसाचा घामच कित्येक लिटर जातो, तेव्हा तीन लिटर पाण्यात एवढी लघवी होणार नाही. चार-पाच लिटर लागतील. पाळी संपल्यावरची पहिली लघवी बघा. फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी असेल तर त्या दिवशीचं पाणी कमी पडलं. झोपताना एक ग्लास आणि रात्री उठलात तर पुन्हा अर्धा. रात्रीच लघवी सगळ्यात घट्ट असते. लिंबूपाणी चांगलं, त्यात सायट्रेट असतं. मीठ न टाकता प्या. हृदयाचा, मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र एवढं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये.

याच ओघात एक सांगतो. कापूस वेचायला, निंदायला जाणाऱ्या बाया दिवसभर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण शेतात आडोसा नसतो. त्यांना 'पाणी भरपूर प्या' म्हणणं सोपं आहे. शेतमालकांनी चार बांबू आणि तागाची पोती बांधून आडोसा केला तर माझ्या प्रिस्क्रिप्शनपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : वय ३६, शिक्षक. दोन्ही किडन्यांत खडे आहेत, चार वर्षांत चार वेळा त्रास झाला. मागच्या दिवाळीत उभी मोटारसायकल कलंडली, हात टेकवला तर मनगट मोडलं. सारखी तहान लागते, पोट साफ होत नाही. रक्तात कॅल्शियम ११.४ आलंय. रिपोर्टवर त्यापुढे बाण आहे, पण त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. — चोपडा

गुरुजी, तुमच्या पत्रातला महत्त्वाचा भाग तो बाण आहे.

रक्तातलं कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ च्या दरम्यान असतं. मुतखडा असणाऱ्या बहुसंख्य लोकांत ते ठीकच असतं, फक्त लघवीत जास्त जातं. रक्तातही वाढलेलं असेल, वय तरुण असेल, खडे दोन्हीकडे आणि पुन्हापुन्हा होत असतील, आणि एवढ्या-तेवढ्याने हाड मोडत असेल, तर पहिला संशय पॅराथायरॉइड ग्रंथींवर घ्यायचा. गळ्यात, थायरॉइडच्या मागे या चार ग्रंथी असतात, एकेकीचं वजन ५० मिलिग्रॅमही नसतं. रक्तातलं कॅल्शियम घटलं की त्यांचं हॉर्मोन हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. एखादी ग्रंथी गाठीसारखी वाढली की हे काम थांबतच नाही. हाडं रिकामी होत जातात आणि तेच कॅल्शियम मूत्रपिंडात खडे करतं. तहान, बद्धकोष्ठ, थकवा, उदासी, हे सगळं त्यातच येतं.

पुन्हा एकदा कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन एकाच वेळी काढलेल्या रक्तात तपासा. इथे एक गफलत होते. हॉर्मोन 'नॉर्मल' आलं की फाइल मिटवतात. कॅल्शियम वाढलेलं असताना ते दबलेलं असायला हवं, म्हणून कॅल्शियम जास्त आणि हॉर्मोन मधल्या पातळीवर हेही संशयास्पदच. आपल्याकडे डी जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आहे आणि तिच्यामुळे वाढलेलं कॅल्शियम काही काळ झाकलं जातं, म्हणून तेही तपासा. मनगटासकट हाडांची घनता करून घ्या, कारण या आजारात मनगटाजवळचं हाड आधी झिजतं.

निदान पक्कं झालं तर उपाय शस्त्रक्रिया. दहापैकी आठांहून जास्त जणांत एकाच ग्रंथीत गाठ असते. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनने ती शोधतात आणि काढतात. तुमच्याकडे खडे आहेत, हाड मोडलंय आणि वय पन्नासच्या आत आहे. यातलं एकेक कारणही शस्त्रक्रियेला पुरेसं मानतात. हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन शोधा, त्यासाठी नाशिक, पुणे, मुंबई गाठावी लागली तरी चालेल. नंतर हाडांची घनता सुधारते, नवे खडे कमी होतात. ऑपरेशननंतर काही दिवस उपाशी हाडं कॅल्शियम भराभर ओढून घेतात, हातापायाला मुंग्या येतात. तेव्हा कॅल्शियम द्यावं लागतं, घाबरू नका. तोवर पाणी भरपूर प्या आणि कॅल्शियम, डी जीवनसत्त्व किंवा थायझाइडची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. उलट्या सुरू झाल्या किंवा गुंगी यायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकी वाचकांसाठी : मुतखड्याच्या प्रत्येक पेशंटचं रक्तातलं कॅल्शियम निदान एकदा तपासलेलं असावं. ही तपासणी महागडी नाही.

प्रश्न : अंग दुखतं म्हणून डी-३ ची साठ हजारांची पुडी दर आठवड्याला घेते. दीड वर्ष झालं. मधे दोनदा इंजेक्शनही घेतलं. आता खडा निघाला. संबंध असेल का? — धुळे

असू शकतो. ही पुडी साधारण आठ आठवडे घ्यायची असते, नंतर महिन्याला एक किंवा बंद. लिहून देणारा 'आठ आठवडे' म्हणतो, पेशंट पुडीचं रिकामं पाकीट दुकानात दाखवून वर्षभर घेत राहतो. डी जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. फार साठलं की आतड्यातून आणि हाडातूनही कॅल्शियम जास्त सुटतं, ते लघवीत उतरतं, खडे होतात, मूत्रपिंडालाही इजा होते. आजच पुडी थांबवा. रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डी ची पातळी करा. पातळी २० ते ५० च्या दरम्यान असली की हाडांना पुरते. शंभरच्या वर गेली तर डॉक्टरांच्या देखरेखीत राहा.

कमतरता खरोखर असेल तर ती भरून काढण्याने खडे वाढतात असं नाही. नेमक्या मात्रेत घेणाऱ्यांनी हे वाचून औषध बंद करू नये.

प्रश्न : आमची केळीची बाग आहे. खडा असताना केळी खावी का? गावात केळीच्या खांबाचा रस, पानफुटीची पानं, हुलग्याचं पाणी असं बरंच सांगतात. — शेतकरी, रावेर

केळी खा. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मुतखड्याच्या आहारातही तिला मानाचं पान द्यायला हरकत नाही. एका केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, मीठ जवळजवळ नाही, ऑक्झलेट कमी. भाज्या आणि फळांतल्या अल्कधर्मी क्षारांमुळे रक्तातला आम्लाचा भार हलका होतो. नाहीतर तो भार पेलायला शरीर हाडांतले क्षार वापरतं. म्हणजे खडा आणि हाड दोघांचं भलं. अडचण दोघांना : मूत्रपिंड निकामी होऊन रक्तात पोटॅशियम वाढलेल्यांना, आणि साखर आटोक्यात नसलेल्या मधुमेह्यांना.

खांबाच्या रसाचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत, माणसांतला भरवशाचा पुरावा नाही. हुलगे डाळ म्हणून छान, औषध म्हणून माझा भरवसा नाही. गंमत अशी की पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, आणि त्या आठवड्यात जे प्यायलं असेल त्याला श्रेय मिळतं. श्रेय मिळो बापडं. माझी भीती वेगळी आहे. मोठा खडा नळीत अडकतो, आठ-पंधरा दिवसांनी दुखणं थांबतं, माणूस म्हणतो रस लागू पडला, आणि वर मूत्रपिंड फुगून मुक्याने खराब होत राहतं. रस प्यायचा तर प्या, पण दुखणं थांबल्यावर सोनोग्राफी करून खडा खरंच पडलाय याची खात्री करा. खडा आणि थंडी वाजून ताप एकत्र आले तर ते तातडीचं दुखणं, रात्र काढू नका.

प्रश्न : बोअरच्या क्षाराच्या पाण्याने खडे होतात का? आम्ही आरओ बसवलंय. — शिरपूर

भांड्यावर पांढरा थर दिसतो म्हणून तसा थर किडनीतही बसत असेल, असं वाटणं साहजिक आहे. हिशेब करून बघू. पाण्याची कठीणता ३०० असेल आणि ती सगळी कॅल्शियमची धरली, तर लिटरमागे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. तीन लिटरचे झाले ३६०, म्हणजे दीड पेला दूध. पाण्यातल्या क्षारापेक्षा घट्ट लघवीची भीती बाळगा. बोअरचं पाणी बेचव लागतं म्हणून कमी प्यायलं जात असेल तर आरओ बसवलंत ते बरं केलंत. फक्त आरओत कॅल्शियम जवळपास उरत नाही, तेवढं दह्यातून भरून काढा.

हाडांच्या दृष्टीने बोअरमध्ये बघायचं ते फ्लोराइड. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, १.५ च्या वर नको. मुलांच्या दातांवर डाग पडत असतील, मोठ्या माणसांची पाठ ताठत असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. उकळून फ्लोराइड जात नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलं होतं की गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून घेतला की गुडघेदुखी जाते, हाडं भरतात. वडील घेतात, वय ६८, त्यांना दोनदा खडा झालाय. — पारोळा

बंद करा. चुन्यात कॅल्शियम आहे हे खरं, पण 'गव्हाचा दाणा' हे माप प्रत्येकाचं वेगळं आणि चुना तीव्र अल्कली. पानातून, तंबाखूतून रोज बराच चुना पोटात गेल्याने रक्तात कॅल्शियम चढून मूत्रपिंड बिघडल्याचे पेशंट वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. वडील आम्लपित्तासाठी सोडा आणि वर कॅल्शियमच्या गोळ्याही घेत असतील तर धोका आणखी. तंबाखूही असेल, तर ती हाडं ठिसूळ करतेच.

दुसरं, गुडघेदुखी म्हणजे कॅल्शियमची कमतरता नव्हे. या वयात ती बहुतेक वेळा सांध्याची झीज असते. हाडं ठिसूळ होणं मोडेपर्यंत दुखतच नाही. शिबिरात टाच यंत्रात ठेवून दोन मिनिटांत 'हाडं कमकुवत' असा कागद देतात, त्यावरूनही औषध सुरू करू नका. कंबर आणि खुब्याचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, हीच खरी तपासणी.

प्रश्न : भाचा नऊ वर्षांचा आहे. उंची खुंटली, पाय धनुकलीसारखे वाकले, दोन्ही किडन्यांत खडे. डी च्या पुड्या देऊन फरक नाही. पाय सरळ करायचं ऑपरेशन सुचवलंय. — नंदुरबार

ऑपरेशन थोडं थांबवा. खडे आणि वाकलेली हाडं एकाच लेकरात असतील तर 'रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस' नावाचा आजार वगळायलाच हवा. मूत्रपिंडाच्या नळ्या आम्ल बाहेर टाकू शकत नाहीत, रक्त आम्लधर्मी होतं, हाडांतले क्षार झिजतात आणि कॅल्शियम फॉस्फेटचे खडे बनतात. रक्तातलं बायकार्बोनेट आणि पोटॅशियम कमी, आणि तरीही लघवीचा सामू साडेपाचच्या खाली येत नाही, ही याची खूण. कधी पोटॅशियम इतकं उतरतं की मूल सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही. तसं झालं तर लगेच रुग्णालयात न्या.

औषध म्हणजे सोडियम बायकार्बोनेट किंवा पोटॅशियम सायट्रेट, रोज, बहुधा आयुष्यभर. स्वस्त आहे. वेळेत सुरू झालं तर हाडं भरतात, उंची पुन्हा वाढू लागते, पायही काही प्रमाणात आपोआप सरळ होतात. मूळ आजार तसाच ठेवून सरळ केलेले पाय पुन्हा वाकतात. मुलांच्या मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवा. काही प्रकार आनुवंशिक असतात, त्यामुळे भावंडांचीही लघवी-रक्त तपासणी करा.

प्रश्न : २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितलीय. लॅबने पाच लिटरचा कॅन दिला, पण कसं करायचं ते नीट सांगितलं नाही. — जळगाव

समजा सकाळी सहाला सुरू करताय. सहाची पहिली लघवी टाकून द्या, ती रात्रीची आहे. त्यानंतरचा दिवसरात्रीतला प्रत्येक थेंब कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी सहाची लघवीसुद्धा कॅनमध्येच. शौचाला जाताना आधी लघवी वेगळी करा, तिथेच जास्त सांडते. एकदा जरी चुकलं तरी लॅबला खरं सांगा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने करा. कॅनमध्ये आधीच औषध टाकलेलं असेल तर ते आम्ल असू शकतं, थेट कॅनमध्ये लघवी करू नका, मगात घेऊन ओता. कॅन सावलीत, थंड जागी ठेवा. नुकताच खडा पडला किंवा काढला असेल तर सहा आठवडे जाऊ द्या.

रिपोर्टमध्ये कॅल्शियमबरोबर सोडियम, ऑक्झलेट, सायट्रेट, युरिक ॲसिड आणि लघवीचं एकूण माप मागा. सोडियम १०० मिलिमोल म्हणजे साधारण सहा ग्रॅम मीठ. ते २०० आलं, तर तुम्ही बारा ग्रॅमच्या आसपास मीठ खाताय, तोंडी काहीही सांगितलं तरी. त्या दिवशी मुद्दाम जास्त पाणी पिऊ नका, पथ्यही पाळू नका. रोज जेवणात दोन पापड असतील तर त्या दिवशीही दोन पापड खा. आणि सुट्टीचा दिवस निवडा, कॅन घेऊन ऑफिसला जाणं जमत नाही.